गुळवेलीच्या काढ्यानंतरची कावीळ: कोपरखैरण्यातलं एक प्रकरण

रुग्ण ४६ वर्षांची गृहिणी, राहणार कोपरखैरणे. दहा वर्षांपासून हायपोथायरॉइड, रोज सकाळी थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, दारू नाही, याआधी कधी कावीळ नाही. वजन ६२ किलो. हे प्रकरण कुठल्या एका व्यक्तीच्या फायलीची नक्कल नाही. अशा रुग्णांत वारंवार दिसणारे तपशील एकत्र करून ते रचलं आहे. आकडे मात्र या आजारात जसे चढतात-उतरतात तसेच ठेवले आहेत.

ऑगस्टअखेर ती यकृताच्या ओपीडीत आली तेव्हा डोळे आणि कातडी दोन्ही पिवळी होती. दोन आठवड्यांपासून अन्नावर वासना नव्हती, मळमळ होती, उजव्या बरगडीखाली जड वाटत होतं. लघवी गडद तपकिरी, शौचाचा रंग नेहमीचा, अंगाला खाज नाही, ताप नाही. तपासताना यकृत बरगडीखाली दोन बोटं लागत होतं आणि दाबल्यावर दुखत होतं. प्लीहा लागत नव्हती, पोटात पाणी नव्हतं. हात पुढे करून मनगटं वर वळवायला सांगितल्यावर पंजे फडफडले नाहीत. झोपेची वेळ उलटी झालेली नव्हती, तारीख-वार बरोबर सांगता येत होते. म्हणजे मेंदूवर परिणाम नव्हता. आणखी एक गोष्ट दिसली: दोन्ही नाकपुड्यांच्या आत लाली आणि सुकलेल्या रक्ताच्या खपल्या. तिचा अर्थ दुसऱ्या दिवशी लागला.

पाच दिवसांपूर्वी कुटुंबाच्या डॉक्टरांनी केलेल्या एलएफटीत (यकृताच्या रक्ततपासणीत) बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, ६.२ होतं. एसजीपीटी १,२४० आणि एसजीओटी १,०८०; यकृताच्या पेशी फुटल्या की ही दोन एन्झाइम रक्तात वाढतात. ओपीडीतल्या दिवशी बिलिरुबिन ११.४ (त्यातलं डायरेक्ट ८.३), एसजीपीटी १,१२०, एसजीओटी ९८४, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्ताची वाट अडली की वाढणारं एन्झाइम) १६४, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) ३.४, आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो त्याचं माप) १.३८, प्लेटलेट २ लाख १० हजार.

या आकड्यांवरून पहिला प्रश्न सुटतो: इजा यकृताच्या पेशींना झाली आहे की पित्ताच्या वाटेला? एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या (४०) २८ पट, अल्कलाइन फॉस्फेटेज वरच्या मर्यादेच्या (१२०) जेमतेम १.४ पट. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की २० च्या आसपास येतं. हा भागाकार ५ किंवा जास्त असेल तर इजा पेशींची, २ किंवा कमी असेल तर पित्तप्रवाहाची, मधे असेल तर मिश्र. इथे शंकेला जागा नव्हती. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. औषधाने यकृतपेशींना इजा होऊन कावीळही झाली असेल, म्हणजे एसजीपीटी तिप्पट आणि बिलिरुबिन दुप्पटीच्या वर असेल, तर दर दहांतल्या सुमारे एका रुग्णात यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. हे निरीक्षण हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञाचं. ते लक्षात ठेवलं तर ‘कावीळच आहे, आपोआप उतरेल’ म्हणून अशा रुग्णाला घरी पाठवलं जात नाही. तिला दाखल करून घेतलं.

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत कावीळ झालेला रुग्ण आला की आधी पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई, मग लेप्टोस्पायरोसिस, डेंगी, मलेरिया हे सगळं बघावंच लागतं, आणि तसं बघितलं. हिपॅटायटिस ए आणि ईच्या आयजीएम (ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडी) निगेटिव्ह. बीचा पृष्ठभागी अँटिजेन आणि कोअर आयजीएम निगेटिव्ह. सीसाठी फक्त अँटिबॉडीवर न थांबता आरएनए (खुद्द विषाणूची तपासणी) केला, कारण ताज्या संसर्गात अँटिबॉडी उशिरा येते, तोही निगेटिव्ह. लेप्टो, डेंगी, मलेरिया नाहीत. सोनोग्राफीत पित्ताचे खडे नाहीत, नळ्या फुगलेल्या नाहीत, रक्तवाहिन्या मोकळ्या. सेरुलोप्लाझमिन (यकृतात तांबं साचण्याच्या आजारासाठीची तपासणी) नॉर्मल. उरलं ते इम्युनिटीच्या तपासण्यांत: एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी) १:१६० पॉझिटिव्ह आणि आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा एक प्रकार) १,९२० मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या मर्यादेच्या १.२ पट.

इथे सोपी वाट होती. थायरॉइडचा आजार असलेली मध्यमवयीन स्त्री, एएनए पॉझिटिव्ह, आयजीजी वाढलेलं: ऑटोइम्यून हिपॅटायटिस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याचा आजार) म्हणायचं आणि स्टेरॉइड सुरू करायचं. पुढची दोन वर्षं, कदाचित आयुष्यभर, ती गोळ्यांवर राहिली असती.

केसपेपरवरचं ‘इतर औषधं: काही नाही’

पहिल्या दिवशी केसपेपरवर हेच लिहिलं होतं, आणि लिहिणाऱ्याने रीतसर विचारलंही होतं. रुग्णाने काही लपवलं नव्हतं. आपल्याकडे ‘औषध’ म्हणजे डॉक्टरने लिहिलेलं, मेडिकलमधून आणलेलं. काढा हे औषध नाही, तो घरचा. आवळ्याचा रस तब्येतीसाठी. चूर्ण पोट साफ राहावं म्हणून. आणि काविळीवर नाकात घातलेले थेंब तर डॉक्टरांसमोर बोलायचीच गोष्ट नाही. त्यामुळे ‘कुठली औषधं घेता?’ या प्रश्नाला खरं उत्तर ‘थायरॉइडची गोळी’ एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी प्रश्न तोडून विचारला. ‘ताई, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते क्रमाने सांगा. चहाच्या आधी काही घेता? काढा, रस, अर्क, चूर्ण, वटी, सत्त्व? कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं काही करून पाहिलं? केस गळतात, गुडघे दुखतात, वजन उतरावं, साखर होऊ नये, यासाठी काही? प्रोटीन पावडर, ग्रीन टी? कावीळ झाल्यावर कुणी काही दिलं? नाकात घातलं, हातावर चोळलं, गळ्यात बांधलं?’ मग सांगणं सुरू झालं आणि चांगलं पाऊण तास चाललं. यातली एकही बाब ‘त्याने काही होत नाही’ म्हणून गाळायची नसते. आणि रुग्ण काढा घेत असल्याचं सांगतो तेव्हा चेहऱ्यावर नापसंती दाखवायची नसते, कारण मग पुढचं कळत नाही.

कळलं ते असं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाळ्यात प्रतिकारशक्ती चांगली राहावी म्हणून, गुळवेलीचा काढा सुरू केला. सोसायटीच्या कडुनिंबावर चढलेली वेल. अंगठ्याएवढ्या जाडीचं वीतभर खोड, ओलं, वजनाला ४० ते ४५ ग्रॅम; ठेचून चार कप पाण्यात उकळून एक कप उरवायचं, सकाळी अनशापोटी. सलग रोज. ५८व्या दिवसाच्या सुमारास भूक गेली, थकवा आला. थकवा आला म्हणून काढा संध्याकाळीही सुरू केला. ही सगळ्यात घातक पायरी, आणि ती जवळजवळ प्रत्येक अशा प्रकरणात असते: यकृताला सूज आल्याची पहिली खूण म्हणजे थकवा, आणि थकव्यावरचा उपाय म्हणून तीच वस्तू दुप्पट. ६६व्या दिवशी लघवी गडद, ६८व्या दिवशी डोळे पिवळे. ६९व्या दिवशी घरच्यांनी ‘काविळीचं औषध देणाऱ्या’ एका गृहस्थांकडे नेलं. त्यांनी नाकात थेंब घातले, तपकिरी चूर्णाच्या पुड्या दिल्या, तेल-हळद बंद केली, उसाचा रस प्यायला सांगितलं. गुळवेल चालू ठेवा, ती यकृताला चांगली, असंही सांगितलं. ७५व्या दिवशी ती रुग्णालयात पोहोचली, त्या सकाळीही काढा घेऊन.

नवऱ्याला सांगून वेलीचा पानांसकट फूटभर तुकडा आणि उरलेल्या पुड्या मागवल्या. हे करावंच, आणि पहिल्याच दिवशी करावं, कारण कावीळ म्हटल्यावर घरातले लोक डबे-पुड्या फेकून देतात. पुड्या वेगळ्या पिशवीत बंद करून त्यावर तारीख घातली.

वेल तीच होती का

गुळवेलीच्या ओळखीचा प्रश्न क्षुल्लक नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी जुलैत तो निष्कर्ष अमान्य केला. आक्षेप असा, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेलं नाही. ती दिसायला सारखी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते, आणि क्रिस्पा यकृताला अपायकारक असल्याचं आधीपासून ठाऊक आहे. आक्षेपाचा हा भाग शास्त्रीयदृष्ट्या रास्त होता. पुढे २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि त्यातही ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र पुन्हा पुढे आलं. त्यामुळे आता ‘वेल चुकीची असेल’ एवढ्यावर विषय मिटत नाही. पण प्रत्येक रुग्णात वेल बघायलाच हवी.

खऱ्या गुळवेलीचं पान हृदयाकृती आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतं. जुन्या खोडावरची करडी साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवं दिसतं. खोड आडवं कापलं की बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसतात. फांद्यांवरून दोऱ्यासारखी हवाई मुळं लोंबतात. क्रिस्पाच्या खोडावर दाट, ठसठशीत गाठी असतात. हाताने चाचपलं तरी समजतात. आपल्याकडच्या रानात तिसरी एक जात मिळते, टिनोस्पोरा सायनेन्सिस, तिच्या पानाच्या खालच्या बाजूला लव असते. आणलेला तुकडा वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवला. पान गुळगुळीत, साल सुटणारी, गाठी नाहीत, लव नाही. गुळवेलच.

मात्राही बेसुमार नव्हती. आयुर्वेदिक औषधकोशात काढ्यासाठी गुळवेलीचं खोड २० ते ३० ग्रॅम आणि चूर्ण म्हणून ३ ते ६ ग्रॅम सांगितलं आहे. रुग्णाचं ४५ ग्रॅम ओलं खोड सुकवलं तर त्यापेक्षा कमीच भरलं असतं. म्हणून ‘जास्त घेतलं म्हणून बाधलं’ हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही, ते शेवटच्या दोन आठवड्यांच्या दुप्पट मात्रेलाही पुरतं लागू पडत नाही, कारण तक्रारी त्याच्या आधीच सुरू झाल्या होत्या. पॅरासिटामॉलसारख्या औषधाची इजा मात्रेवर ठरते: पुरेसं घेतलं तर कुणालाही होते. ही दुसऱ्या प्रकारची. शंभर जणांना काही होत नाही आणि एखाद्याची प्रतिकारशक्ती बिथरून स्वतःच्याच यकृतावर चालून जाते. गुळवेलीतल्या अरॅबिनोगॅलॅक्टन जातीच्या शर्करा प्रयोगशाळेत मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींना उत्तेजित करतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हा दावा ज्या गुणावर उभा आहे तोच गुण इथे आड येतो. प्रसिद्ध झालेल्या रुग्णांपैकी काहींना आधीपासून थायरॉइडसारखा ऑटोइम्यून आजार होता, हेही त्याच्याशी जुळतं. शेजारच्या काकू वर्षभर तोच काढा घेतात आणि ठणठणीत आहेत, हा पुरावा म्हणूनच निरुपयोगी आहे.

नाकातले थेंब, पुड्या आणि उसाचा रस

नाकातल्या खपल्यांचा उलगडा इथे झाला. देवडांगरीचं सुकं फळ रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी दोन-तीन थेंब नाकात घालतात. ते नाकाच्या अस्तराला चांगलंच झोंबतं, शिंका येतात, डोकं दुखतं आणि पुढचे काही तास नाकातून पिवळसर पाणी वाहतं. बघणाऱ्याला कावीळ डोळ्यांदेखत बाहेर पडताना दिसते. हिशोब करून बघावा. दाहामुळे पाझरणारा द्रव रक्तातल्या पाण्यासारखाच असतो आणि रुग्णाचं ते पाणी पिवळंच आहे. बिलिरुबिन ११.४ म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११.४ मिलिग्रॅम. नाकातून ५० मिलिलिटर द्रव गेला असं धरलं तरी जेमतेम ६ मिलिग्रॅम बिलिरुबिन बाहेर पडलं. माणसाच्या शरीरात ते रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम नव्याने तयार होतं. आणि आयएनआर वाढलेल्या रुग्णात त्या झोंबणीतून नाकाचा घोळणा फुटू शकतो, तसा या रुग्णाचा दोनदा फुटला होता.

आंब्याच्या सालीचा अर्क हातावर चोळून चुन्याच्या निवळीने धुतल्यावर निघणारं पिवळं पाणी तर निरोगी माणसाच्या हातावरूनही निघतं. गळ्यातली ‘वाढणारी’ माळ काड्या सुकून बारीक झाल्यावर गाठी सैल पडतात म्हणून लांबते. या दोन्हींनी इजा होत नाही, वेळ मात्र जातो.

हे उपाय टिकून आहेत त्याला कारण आहे आणि ते समजून घेतलं पाहिजे. हिपॅटायटिस ए आणि बहुतेकांचा हिपॅटायटिस ई काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि त्यावर डॉक्टरकडेही खास औषध नसतं. ‘काविळीवर डॉक्टरकडे इलाज नाही’ हे लोक म्हणतात त्यात तेवढं तथ्य आहे. दहांतले नऊ बरे होतात, दहाव्याला पुढे काय झालं ते औषध देणाऱ्याला कधी कळत नाही. फसगत होते ती या दहाव्याची: गरोदर बाईचा हिपॅटायटिस ई, पित्तनळीत अडकलेला खडा, क्षयाच्या गोळ्यांनी झालेली कावीळ. भारतातल्या १,२८८ रुग्णांच्या औषधजन्य यकृत-इजेच्या नोंदणीत सुमारे ४६ टक्के प्रकरणं क्षयाच्या औषधांची आणि सुमारे १४ टक्के वनौषधी व तत्सम उपचारांची होती. त्यामुळे झाडपाल्यावर बोट ठेवताना हेही सांगायला हवं, की यकृताला सर्वांत जास्त इजा आधुनिक औषधांनीच होते. फरक इतकाच, की ती औषधं देणाऱ्याला धोका माहीत असतो आणि तो एलएफटी करून घेतो.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत तरी कावीळ एकच कुठे आहे? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, पांडुरोगाच्या अध्यायात, कामलेचे, म्हणजे काविळीचे, प्रकार वेगळे केले आहेत. ज्या रुग्णाचं शौच तिळाच्या वाटणासारखं पांढुरकं होतं त्याची वाट कफाने अडलेली आहे आणि त्याची चिकित्सा निराळी, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. आजच्या भाषेत तो पित्तमार्गाचा अडथळा. नाडी, जीभ, मल-मूत्र बघून, प्रकार ठरवून, ठरावीक दिवसांपुरतं औषध देणारा वैद्य आणि सगळ्या काविळींना एकच थेंब घालणारा माणूस यांना एका रांगेत बसवणं वैद्यावर अन्याय आहे. गुळवेल कामलेत सांगितलेली आहे हे खरं. ती अडीच महिने रोज, कुणी न तपासता, थकवा आल्यावर वाढवून घ्यावी असं मात्र कुठेही सांगितलेलं नाही.

पुड्यांमधलं चूर्ण तपासायला दिलं. अशा बिनलेबलच्या चूर्णात दोन गोष्टींची भीती असते. एक जड धातू: वनौषधींसाठी मर्यादा शिशाला १०, आर्सेनिकला ३, पाऱ्याला १ आणि कॅडमियमला ०.३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आहे. दुसरी भीती मिसळलेल्या स्टेरॉइडची. स्टेरॉइडने भूक लागते, तरतरी येते, ऑटोइम्यून प्रकारच्या सुजेत बिलिरुबिनही उतरतं, आणि पुडी थांबली की सगळं उलटतं. या चूर्णात दोन्ही निघालं नाही. शिवाय ते ६९व्या दिवशी सुरू झालं होतं आणि तक्रारी ५८व्या दिवसाच्या. कारण म्हणून ते तारखेवरच बाद होतं.

स्टेरॉइड द्यायचं की थांबायचं

७५व्या दिवशी काढा, पुड्या, थेंब सगळं बंद. थायरॉक्सिन चालू. व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, आयएनआर १.३८ वरून १.३० झाला, म्हणजे यकृताची प्रथिनं बनवण्याची ताकद बरीचशी शाबूत होती. जेवणावरचं पथ्य उठवलं. काविळीत तेल-तूप-हळद बंद करून रुग्णाला उसाच्या रसावर आणि पेजेवर ठेवतात, त्याने स्नायू झडतात आणि बरं व्हायला उशीर लागतो. तिला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम प्रथिनं (किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम) आणि साधारण १,९०० ते २,१०० कॅलरी ठरवून दिल्या: डाळ, दही, अंडी, पनीर, मासे, नेहमीच्या फोडणीची भाजी. मळमळीमुळे एका वेळी जात नव्हतं म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, रात्री झोपताना दूध-पोळी. स्वयंपाकातली हळद अजिबात अडचणीची नाही. हळदीच्या अर्काच्या मिरेयुक्त गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. रस्त्यावरच्या उसाच्या रसातल्या बर्फाने तर ए किंवा ईची भर पडायची.

स्टेरॉइडचा निर्णय तारीख घालून लांबवला. ठरलं असं: सात दिवसांनंतरही बिलिरुबिन चढतच राहिलं, किंवा आयएनआर १.५ च्या वर गेला, तर प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम सुरू करायचं. झोपाळू वाटली किंवा गोंधळली तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राशी बोलायचं. हे केसपेपरवर लिहून ठेवलं, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरला अंदाज बांधावा लागणार नाही. तोवर क्षय आणि साखर तपासून घेतली.

दाखल झाल्यापासून तिसऱ्या दिवशी एसजीपीटी ९०५, बिलिरुबिन मात्र १२.६. घरचे इथेच हादरले: औषध नाही, आणि पिवळेपणा वाढतोय. पुन्हा नाकात थेंब घालून आणू का, असं नवऱ्याने विचारलं. त्याला जे समजावलं ते प्रत्येक काविळीच्या रुग्णाच्या घरी सांगण्यासारखं आहे. पेशी मरणं थांबलं की एसजीपीटी आधी उतरतं. बिलिरुबिन मागून येतं, कारण दीर्घ काविळीत त्यातला काही भाग अल्ब्युमिनला पक्का चिकटतो आणि अल्ब्युमिन रक्तात सुमारे तीन आठवड्यांनी अर्ध्यावर येतं. सूज ओसरल्यावरही डोळे काही आठवडे पिवळे राहतात. त्याच काळात लोक दुसरा, तिसरा उपाय करतात आणि जो शेवटचा असतो त्याला श्रेय मिळतं. त्या दिवसांत बघायचा आकडा बिलिरुबिन नव्हे, आयएनआर.

आठव्या दिवशी एसजीपीटी ६१०, बिलिरुबिन ११.८, आयएनआर १.२२. उतार सुरू झाला होता. दहाव्या दिवशी बायोप्सी केली. प्रश्न एवढाच होता: औषधाने पेटलेली सूज आहे की आधीपासून दबून असलेला ऑटोइम्यून हिपॅटायटिस गुळवेलीने उघड केला? अहवालात पोर्टल भागाच्या (यकृतातल्या रक्तवाहिन्या-पित्तनळ्यांच्या जागेच्या) कडेला सूज, प्लाझ्मा पेशी, बऱ्याच इओसिनोफिल पेशी, फायब्रोसिस (जुन्या इजेचे व्रण) नाही. प्लाझ्मा पेशी ऑटोइम्यूनकडे बोट दाखवतात, इओसिनोफिल औषधाकडे. फायब्रोसिस नसणं सांगतं की हे वर्षानुवर्षं चाललेलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही इतके सारखे दिसतात की एकट्या बायोप्सीवर निकाल देऊ नये. निकाल पुढचा काळ देतो. स्टेरॉइड दिलं नाही.

पंधराव्या दिवशी एसजीपीटी २९०, बिलिरुबिन ७.४. तिसाव्या दिवशी ९६ आणि ३.१. साठाव्या दिवशी ४४ आणि १.२. तीन महिन्यांनी ३१ आणि ०.८, आयजीजी १,३८०, एएनए १:४०. स्टेरॉइडशिवाय आयजीजी उतरलं, हे औषधजन्य असण्याच्या बाजूचं मोठं माप.

कारणाचा हिशोब रुकॅम या गुणपद्धतीने मांडला. सुरुवातीपासून ५ ते ९० दिवसांत तक्रार: २ गुण. थांबवल्यावर एसजीपीटी ३० दिवसांत अर्ध्याहून जास्त उतरलं: २ (आठ दिवसांत उतरलं असतं तर ३, वरच्या मर्यादेपलीकडचा भाग ४७ टक्केच उतरला होता). वय ५५ च्या खाली, दारू नाही: ०. बरोबरीची संशयित औषधं नाहीत: ०. विषाणू आणि इतर मुख्य कारणं वगळली, पण ऑटोइम्यून पूर्ण वगळता आलं नाही: १. या वनस्पतीची इजा प्रसिद्ध झालेली आहे: १. एकूण ६, म्हणजे ‘संभाव्य’. ९ किंवा जास्त असेल तर ‘अतिशय संभाव्य’.

दुसऱ्यांदा

चार महिन्यांनी सर्दी-खोकला झाला. जावेने आणलेल्या संशमनी वटीच्या दोन-दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेतल्या. गुळवेलीचा काढा घ्यायचा नाही हे घरात सगळ्यांना पाठ होतं. संशमनी वटी गुळवेलीच्या घनापासून (आटवलेल्या काढ्यापासून) करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. १९ दिवसांनी ठरलेल्या तपासणीत एसजीपीटी २६८ निघालं. बिलिरुबिन नॉर्मल, तक्रार काही नाही. गोळी थांबवली, पाच आठवड्यांत ३४.

मुद्दाम कुणी असं पुन्हा देत नाही, देऊही नये. दुसऱ्या वेळची इजा अनेकदा पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात येते. तपासणीची तारीख आधीच दिलेली होती म्हणून ती काविळीआधी पकडली गेली. गुणपद्धतीत पुन्हा दिल्यावर एसजीपीटी दुप्पट झालं तर ३ गुण मिळतात. एकूण ९.

पहिल्या डिस्चार्ज कार्डावर ‘हर्बल औषधं टाळा’ एवढंच होतं, आणि अशा सूचनेचा उपयोग होत नाही. आयुर्वेदिक, हर्बल, घरगुती, जंगली हे लोकांच्या मनात वेगवेगळे कप्पे आहेत. ठाणे स्टेशनबाहेर वाट्यावर मिळणारी ओली वेल, मेडिकलमधली कॅप्सूल आणि सुपरमार्केटमधला रस ही एकच वनस्पती आहे, हे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. शहापूर तालुक्यातले कातकरी तरुण वनधन केंद्रातून (जंगलातला माल गोळा करून विकण्याच्या सरकारी योजनेतून) हीच गुळवेल गोळा करून मोठ्या कंपन्यांना पुरवतात. चांगला रोजगार आहे तो, पण ती पुढे किती नावांनी घरात येते याचा अंदाज त्यावरून यावा. नव्या कार्डावर ठळक लिहिलं: ‘गुळवेल, गुडूची, गिलोय, अमृता, छिन्नरुहा, टिनोस्पोरा, गुळवेल सत्त्व, गुडूची घनवटी, संशमनी वटी, अमृतारिष्ट यांपैकी काहीही घेऊ नये. कुठल्याही वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जाताना हे कार्ड दाखवावं.’ एक प्रत थायरॉइडच्या डॉक्टरांच्या फायलीला, एक फोटो नवऱ्याच्या आणि जावेच्या फोनमध्ये.

प्रकरणाची नोंद भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे केली. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा विनामूल्य क्रमांक, आणि तिथे डॉक्टरच नव्हे तर रुग्णही कळवू शकतो. आयुष औषधांसाठी स्वतंत्र यंत्रणा आहे, तिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत. नोंदीत वनस्पतीचं नाव, ती कशी ओळखली, रोजची मात्रा, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, तारीखवार एलएफटी आणि पुन्हा घेतल्यावर काय झालं, एवढं असलं तर ती उपयोगाची ठरते. बायोप्सीची स्लाइड आणि वेलीचा वाळवलेला तुकडा जपून ठेवले.

पुढचं वेळापत्रक: पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी एलएफटी, दर सहा महिन्यांनी आयजीजी, नंतर दोन वर्षं सहामाही. काही घेतलेलं नसताना एसजीपीटी पुन्हा चढलं तर मूळचा ऑटोइम्यून हिपॅटायटिस गृहीत धरून दुसरी बायोप्सी.